परसांतील विस्तव

(नभोवाणीवरील भाषण)

जुलै महिन्याची चौथी तारीख. वेळ तिसऱ्या प्रहराची. अमेरिकेंतील कोणत्याहि मध्यम स्थितीच्या उपनगरांतून या वेळीं फेरफटका केला, तर घरोघरचा बेत डोळ्यांच्या आधीं नाकाला कळतो. घरांच्या पाठीमागील परसांतून निळसर धुराच्या रेघा वर चढत असतात. परसांत एक लोखंडी शेगडी, शेगडींत फुललेले निखारे, निखाऱ्यांवर जाळी, आणि जाळीवर खिम्याच्या चपट्या वड्या, कोंबडीचे तुकडे व मक्याचीं कणसें, असा अगदीं साधा थाट असतो. शेगडीपाशीं बहुधा घरचा कर्ता पुरुष उभा असतो. कमरेला फडकें गुंडाळलेलें आणि हातांत लांब चिमटा. ताटें कागदाचीं, बसणें हिरवळीवर, आणि पंक्तिप्रपंच म्हणून कसला तो नाहीं. आपल्याकडे हिवाळ्यांत शेतावर आगटीभोंवतीं बसून ज्यांनीं हुरडा खाल्ला असेल, त्यांना या सुखाची ओळख निराळी करून द्यावयास नको.

हा दिवस त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा वाढदिवस होय. १७७६ सालीं याच तारखेस तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. मनुष्यमात्राची समानता हें त्या जाहीरनाम्याचें अधिष्ठान. तेव्हां अशा दिवशीं थोरानें व सामान्यानें एकाच जाळीवर भाजलेलें अन्न उघड्यावर बसून खावें, हें ओघानेंच आलें असें आपल्याला वाटेल. परंतु इतिहास इतका सरळ नाहीं. ज्या जेवणांत आज पंक्तिप्रपंच दिसत नाहीं, त्याचा पूर्वेतिहास मुख्यत्वें पंक्तिप्रपंचाचाच आहे. विस्तव कोणीं राखावयाचा आणि पंगतीला कोणीं बसावयाचें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें फार काळ निरनिराळीं होतीं. तीं एक कशीं झालीं, आणि एक झालीं तरी पुरतीं एक झालीं काय, हें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. विस्तवावर जाळी मांडून मांस भाजण्याच्या या प्रकाराला अमेरिकेंत ‘बार्बेक्यू’ म्हणतात. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. १४९२ सालीं कोलंबसाचीं जहाजें कॅरिबियन समुद्रांतील बेटांना लागलीं, त्या वेळीं तेथें ताइनो नांवाचे लोक नांदत होते. जमिनींत खुंट रोवून त्यांवर काठ्यांचा माळा बांधावयाचा, त्याला ‘बार्बाकोआ’ असें नांव होतें. अशा माळ्यावर धान्य ठेवीत, आणि खालीं मंद विस्तव करून वर मासे व मांस भाजीत. गोन्सालो फर्नांदेस द ओव्हिएदो या स्पॅनिश अधिकाऱ्यानें १५२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत काठ्यांच्या जाळीवर मांस भाजण्याच्या या रीतीची नोंद केली आहे. शब्द कानाला परका लागतो खरा. पण त्याचीं भावंडें आपल्या स्वयंपाकघरांत केव्हांच येऊन बसलीं आहेत. ‘बटाटा’ आणि ‘पपई’ हे शब्द त्याच बेटांकडील भाषांतून निघाले व स्पॅनिश-पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या तोंडून आपल्या किनाऱ्याला लागले.

शब्द देणारांची वस्ती मात्र टिकली नाहीं. सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीसारख्या युरोपांतून आलेल्या सांथी यांपुढें पन्नास-साठ वर्षांत ताइनो समाज जवळजवळ नाहींसा झाला. त्यांचें रक्त आजच्या बेटवासीयांच्या अंगांत आहे. त्यांची स्वतंत्र वस्ती राहिली नाहीं. त्यांच्या जागीं सोन्याच्या खाणींवर व उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें धरून आणण्यास सुरुवात झाली. विस्तव तोच राहिला, राखणारे बदलले.

सतराव्या शतकांत इंग्रजांनीं हा शब्द व ही रीत उचलली. डॉक्टर जॉन्सन यांच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध कोशांतहि तो शब्द आला आहे. अख्खें डुकर चिरून तें कोळशांवर उंच बसविलेल्या जाळीवर पसरून भाजण्याची वेस्ट इंडीजकडील रीत, अशा आशयाचा अर्थ तेथें दिला आहे. उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतींत या रीतीनें चांगलेंच मूळ धरलें. त्या मुलखांत डुकरें रानांत मोकळीं सोडीत, त्यांना वेगळा चारा घालावा लागत नसे, आणि लांकूड तर हातीं लागेल तेवढें. जमीनदार शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रणें देत. खाणेंपिणें, नाच, पत्ते असा दिवसभर रंग चाले. निवडणुकीचे उमेदवारहि मतदारांना असेंच जेवूं घालीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशींत, आपण अलेक्झांड्रिया येथें बार्बेक्यूला गेलों व रात्रभर तेथेंच राहिलों, अशी १७६९ च्या मे महिन्यांतील नोंद आहे. पुढें १७९३ च्या सप्टेंबरांत, राष्ट्राचे अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं कायदेमंडळाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसविली, तेव्हां समारंभाच्या अखेरीस ५०० पौंड वजनाचा बैल भाजून जमलेल्या लोकांना वाढण्यांत आला. चौथ्या जुलैचा उत्सवहि याच वळणावर गेला. सकाळीं मिरवणूक, मग जाहीरनाम्याचें वाचन, त्यानंतर भाषणें, आणि शेवटीं झाडांच्या सावलींत भाजलेल्या मांसाची मेजवानी, हा क्रम एकोणिसाव्या शतकांत गांवोगांव ठरून गेला.

त्या काळची पाकक्रिया आजच्या परसांतल्यासारखी अर्ध्या तासाची नव्हती. आदल्या दिवशीं जमिनींत लांब चर खणावयाचा. पाहुणे शेंकड्यांनीं असले तर चरहि त्याच मानानें लांब. बाजूला ओक किंवा हिकरी यांसारख्या टणक लांकडाचा मोठा जाळ करावयाचा आणि त्याचे निखारे पडतील तसे फावड्यानें चरांत पसरावयाचे. चरावर ओल्या लांकडाचे दांडे आडवे टाकून त्यांवर अख्खीं जनावरें ठेवावयाचीं. ज्वाला मुळींच उठूं द्यावयाची नाहीं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून भडका झाला, तर वरचा भाग करपतो आणि आंतला कच्चा राहतो. म्हणून रात्रभर जागून निखारे सारखे करावयाचे, मांस उलटावयाचें, आणि शिरका, मीठ व तिखट यांचें पाणी त्यावर शिंपडीत राहावयाचें. यांत शास्त्र आहे. जनावराच्या कष्टाच्या अवयवांत चिवट तंतूंचें जाळें असतें. मंद उष्णता बराच वेळ लागली म्हणजेच तें विरघळून सरसासारखें मऊ होतें. घाई केली तर मांस आटून चामड्यासारखें होतें. एवंच, दहा-बारा तासांचें जागरण आणि हाताचा अंदाज, यांवर सारी मेजवानी अवलंबून असे.

हें जागरण कोण करी? दक्षिणेकडील राज्यांत याचें उत्तर बहुशः एकच होतें. चर खणणारे, लांकूड फोडणारे, रात्रभर निखाऱ्यांपाशीं उभे राहणारे आणि सकाळीं मांस कापून वाढणारे हात गुलामांचे असत. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशीं वक्त्यांचीं नांवें येत, अध्यक्षांचें नांव येई, कोणी कोणाच्या गौरवार्थ पेला उंचावला तेंहि येई. ज्यानें विस्तव राखला त्याचें नांव क्वचितच कोणी छापी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचें वाचन त्याच्या कानांवर पडे, आणि तें संपलें कीं तो ताटें वाढावयास लागे.

या हातांपैकीं कांहींची साक्ष मात्र सुदैवानें शिल्लक आहे. १९३६ ते १९३८ या काळांत अमेरिकन सरकारनें बेकार लेखकांना काम देण्यासाठीं काढलेल्या एका योजनेंत, गुलामगिरींत जन्मलेल्या आणि तोंवर हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. अशीं दोन हजारांहून अधिक निवेदनें आज उपलब्ध आहेत. त्यांत दक्षिण कॅरोलिनाचे वेस्ली जोन्स नांवाचे वृद्ध गृहस्थ आहेत. मेजवानीच्या आदल्या रात्रीं आपण रात्रभर जागून मांस भाजीत असूं, असें सांगून त्यांनीं शिंपडण्याच्या पाण्याची कृतीहि दिली आहे: शिरका, मिरीं, तांबडें तिखट, मीठ, लोणी, थोडा सेजचा पाला, धने, बेझिल, कांदा आणि लसूण. सत्तर-पंचाहत्तर वर्षें उलटून गेल्यावर एखाद्या म्हाताऱ्याच्या जिभेवर मसाल्याची यादी जशीच्या तशी राहावी, यावरूनच तें काम किती कसबाचें होतें हें कळतें. जें कसब पुढें सबंध राष्ट्रानें आपलें म्हणून मिरविलें, तें अशा माणसांच्या हातांत वाढलें.

विस्तवापाशीं बसलेल्या माणसाच्या मनांत काय चालतें, हें पंगतींत बसलेल्याला कळतेंच असें नाहीं. व्हर्जिनियांतील साउथॅम्प्टन परगण्यांत नॅट टर्नर नांवाचा एक गुलाम होता. लिहितांवाचतां येणारा, धर्मोपदेश करणारा. १८३१ सालीं त्यानें आपल्या साथीदारांसह बंडाचा बेत रचला, आणि त्यासाठीं पहिल्यानें जो दिवस मुक्रर केला तो चौथा जुलै होता. आजारीपणामुळें तो दिवस टळला. पुढें ऑगस्टच्या २१ तारखेस, रविवारीं, ते रानांत एका तळ्याकाठीं जमले. एकानें डुकर आणलें होतें, दुसऱ्यानें ब्रँडी. रानांतल्या विस्तवावर त्यांनीं तें भाजून खाल्लें, आणि त्याच रात्रीं बंडाला तोंड लागलें. दोन दिवसांत पन्नासाहून अधिक गोरे स्त्रीपुरुष व मुलें मारलीं गेलीं. त्याचा सूड म्हणून ज्यांचा बंडाशीं कांहीं संबंध नव्हता अशाहि कितीतरी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, आणि नोव्हेंबरांत टर्नरला फांशीं दिलें. या हकीकतींत गौरव करण्याजोगें कोणाला काय वाटेल तें वाटो. एवढें खरें कीं, इतरांसाठीं रात्र-रात्र विस्तव राखणारे त्या दिवशीं स्वतःसाठीं पंगत मांडून बसले होते.

हीच विसंगति उत्तरेंत एका वक्त्यानें भर सभेंत बोलून दाखविली. गुलामगिरींतून १८३८ सालीं निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांना रॉचेस्टर शहरांतील मंडळींनीं स्वातंत्र्यदिनाच्या निमित्तानें भाषणास बोलावलें होतें. १८५२ च्या पांचव्या जुलैला ते बोलले, आणि गुलामाच्या दृष्टीनें या उत्सवाचा अर्थ काय, हाच प्रश्न त्यांनीं श्रोत्यांपुढें टाकला. हा उत्सव तुमचा आहे, आमचा नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा इत्यर्थ होता. त्यानंतर नऊ वर्षांनीं यादवी युद्ध पेटलें.

युद्ध संपलें आणि या विस्तवाच्या इतिहासांत खरोखरीचा पालट झाला. लिंकन यांची मुक्ततेची घोषणा १८६३ च्या जानेवारींत अमलांत आली होती. पण दूरच्या टेक्सास राज्यांत तिचा अंमल बसविणारें सैन्यच पोंचलें नव्हतें. १८६५ च्या जूनमध्यें १९ तारखेस जनरल ग्रेंजर यांनीं गॅल्व्हेस्टन बंदरांत उतरून, सर्व गुलाम मुक्त झाले आहेत, असा हुकूम जाहीर केला. पुढच्या वर्षापासून तेथील मुक्त झालेले लोक हा दिवस सण म्हणून पाळूं लागले. ‘जूनटींथ’ तें याच सणाचें नांव. जून आणि एकोणीस या दोन इंग्रजी शब्दांचा तो संधि. या सणाचें मुख्य अंग कोणतें असेल? प्रार्थना, जाहीरनाम्याचें वाचन, तांबडें सरबत आणि चरांतल्या निखाऱ्यांवर भाजलेलें मांस! चर तोच, लांकूड तेंच, हातहि तेच. फरक एवढाच कीं, आतां भाजणारेच पंगतीला बसले होते.

पंगत मांडावयास जागा हवी. सार्वजनिक बागांत त्यांना मज्जाव असे. म्हणून १८७२ सालीं ह्यूस्टन शहरांतील मुक्त कृष्णवर्णीयांनीं आपसांत वर्गणी जमवून दहा एकर जमीन विकत घेतली आणि तिला ‘मुक्ति-उद्यान’ अशा अर्थाचें नांव दिलें. तें उद्यान आजहि आहे. सात वर्षांपूर्वीं जीं माणसें स्वतःच विक्रीचा जिन्नस होतीं, त्यांनीं पहिल्या मिळकतींतून काय विकत घ्यावें? तर वर्षांतून एकदां एकत्र बसून जेवावयास जमीन!

पुढें पोटासाठीं माणसें शहरांकडे निघालीं आणि त्यांच्याबरोबर हें कसबहि निघालें. कॅन्सस सिटी येथें हेन्री पेरी नांवाच्या कृष्णवर्णीय गृहस्थानें १९०८ च्या सुमारास एका गल्लींत भट्टी घालून भाजलेलें मांस वर्तमानपत्राच्या कागदांत बांधून विकावयास आरंभ केला. त्या शहराचा बार्बेक्यू आज जगप्रसिद्ध आहे व त्याचें जनकत्व पेरी यांना दिलें जातें.

आतांपर्यंत आपण पाहिला तो विस्तव शेंकडों माणसांचा होता. तो एका घराच्या परसांत मावेल एवढा लहान कसा झाला? याचें पहिलें कारण कोळसा. हवा कोंडून लांकूड जाळलें म्हणजे त्यांतील पाणी व वायु निघून जातात आणि बहुतांशीं कार्बन तेवढा उरतो. असा कोळसा धुराशिवाय, ज्वालेशिवाय, सारख्या आंचेनें जळतो. रात्रभर लांकूड जाळून निखारे पाडण्याचा खटाटोप त्यामुळें वांचतो. कोळशाची भुकटी दाबून तिच्या एकसारख्या वड्या पाडण्याचें एक पेटंट पेन्सिल्व्हेनियांतील एल्सवर्थ झ्वॉयर यांनीं १८९७ सालीं घेतलें होतें. परंतु त्या वडीला घरोघर पोंचविलें तें मोटारीच्या कारखानदारानें. हेन्री फोर्ड यांच्या गाड्यांना त्या काळीं लांकूड पुष्कळ लागे. त्यासाठीं मिशिगन राज्यांत आयर्न माउंटन येथें त्यांनीं जंगल घेतलें व करवतीची गिरणी उभारली. या कामीं एडवर्ड किंग्जफर्ड या नातलगाची त्यांना मदत झाली. गिरणीबाहेर ढलप्या व भुसा यांचे ढीग पडूं लागले. कोणतीहि वस्तु वायां गेलेली फोर्ड यांना खपत नसे. ओरेगन विद्यापीठांतील रसायनज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांच्या कृतीप्रमाणें त्या ढिगांचा कोळसा करून, त्यांत स्टार्च मिसळून, उशीच्या आकाराच्या वड्या पाडण्यांत येऊं लागल्या. मोटार विकणाऱ्या दुकानांतूनच कोळसा व लहानशी शेगडी विकली जाई. मोटार घ्या, रानांत जा, आणि तेथें विस्तव करा! १९५१ सालीं हा धंदा दुसऱ्यांनीं विकत घेतला आणि त्याला किंग्जफर्ड यांचें नांव मिळालें.

दुसरें कारण परस. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ च्या मार्चपासून मांसावर नियंत्रण होतें. तें १९४५ च्या नोव्हेंबरांत उठलें. लक्षावधि सैनिक घरीं परतले. १९४४ च्या कायद्यानें त्यांना घरासाठीं सवलतीचें कर्ज मिळण्याची सोय झाली होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट आणि पुत्र या मंडळींनीं १९४७ पासून चार वर्षांत १७ हजारांहून अधिक घरें बांधलीं. कारखान्यांत मोटारी जोडाव्या तशीं तीं घरें जोडलीं जात. जमीन कशाची होती म्हणाल, तर बटाट्यांच्या शेतांची! घर लहान, पण प्रत्येकाला ६० फूट रुंद आणि १०० फूट लांब असा स्वतंत्र तुकडा; पुढें हिरवळ, मागें परस. शहरांतल्या चाळीवजा इमारतींतून आलेल्या कुटुंबांना आपल्या मालकीचें आकाश प्रथमच मिळालें. तेथें शेगडी आली नसती तरच नवल.

त्या शेगडीची एक अडचण होती. ती उघडी असे. वारा आला कीं राख जेवणावर, पाऊस आला कीं सारेंच पाण्यांत. शिकागोकडील एका धातुकामाच्या कारखान्यांत समुद्रांतील बोयांचे पोकळ गोळे तयार होत. तेथील जॉर्ज स्टीफन या गृहस्थानें १९५२ सालीं अशा गोळ्याचे दोन भाग करून खालच्या भागाला तीन पाय लावले, वरच्याला मूठ बसविली आणि दोहोंना भोंकें पाडलीं. झांकण घातलें कीं वारा व पाऊस बाहेर राहतात. भोंकें कमीजास्त उघडलीं कीं आंत जाणारा प्राणवायु, म्हणजेच पर्यायानें आंच, हवी तशी राखतां येते. पूर्वीं ज्यासाठीं रात्रभर माणूस उभें करावें लागे, तें काम एक झांकण करूं लागलें.

येथें आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. परसांतल्या या जेवणांत विस्तव राखणारा कोण? यजमान स्वतः. ना नोकर, ना आचारी. आठवड्याचे सहा दिवस ज्यानें स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नसेल, तो पुरुष सुटीच्या दिवशीं चिमटा घेऊन उभा राहतो आणि घरांतल्या बाईला त्या दिवसापुरती चुलीपासून सुटका मिळते. कांदे चिरणें आणि भांडीं घासणें बहुधा तिच्याच वांट्याला येतें, हा भाग वेगळा! तरी पण भाजणारा आणि वाढणारा घरचा धनीच असावा, ही लहान गोष्ट नव्हे. वॉशिंग्टन यांच्या काळच्या कोणत्याहि जमीनदाराला ती अशक्य वाटली असती.

पण विस्तव लहान झाला तसें त्याच्याभोंवतीं कुंपण आलें. लेव्हिट यांच्या घरांच्या मूळ भाडेपट्ट्यांत एक कलम होतें. गोऱ्या वंशाशिवाय इतर कोणींहि या घरांत राहूं नये. घरगडी म्हणून मात्र इतर वंशाच्या माणसांना ठेवण्यास हरकत नाहीं, असा त्याचा आशय होता. श्रोतेहो, या कलमाचा अर्थ नीट ध्यानीं घ्या. दोनशें वर्षांपूर्वींच्या चराचाच तो कायदेशीर तर्जुमा आहे. विस्तव राखावयास या, पंगतीला बसूं नका. नॉर्मंडींत लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकालाहि त्या परसांत शेगडी मांडतां येत नव्हती.

असल्या कुंपणाच्या बाहेर आपणहि होतों, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं असा निकाल दिला कीं, वंशशास्त्रज्ञ कांहींहि म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें हिंदी मनुष्य गोरा नव्हे; सबब त्याला नागरिकत्व मिळणार नाहीं. हें दार कायद्यानें थोडें किलकिलें झालें तें १९४६ सालीं, आणि खरें उघडलें तें १९६५ च्या कायद्यानें. घरांच्या बाबतींत, वंशावरून घातलेल्या अटी न्यायालयांतून बजावून घेतां येणार नाहींत, असा निर्णय १९४८ सालीं झाला. आणि घर विकतांना वा भाड्यानें देतांना असा भेद करणें १९६८ सालीं कायद्यानें बंद झालें. कागदावरचें कुंपण पडलें. वस्तीवस्तींतलें कुंपण पडावयास अधिक वेळ लागतो, हें आपल्याकडील गांवांची रचना पाहिलेल्यांना समजावून सांगावयास नको.

आज न्यूजर्सींतल्या किंवा शिकागोच्या आसपासच्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या परसांतहि चौथ्या जुलैला शेगडी पेटते. शाकाहारी घर असेल तर जाळीवर कणसें चढतात, त्यांना तिखट-मीठ-लिंबू चोळलें जातें. भरताचें वांगें तर अशा निखाऱ्यांवर जसें भाजतें तसें घरांतल्या शेगडीवर भाजत नाहीं. शेजारी कुंपणावरून डोकावून विचारतो, आणि त्याला एक कणीस दिलें जातें. हें दृश्य साधें आहे. पण त्याच्यामागें १९२३, १९४६, १९६५ आणि १९६८ हीं चार सालें उभीं आहेत, आणि त्यांच्याहि मागें तो चर आहे. २०२१ सालीं अमेरिकेनें जूनटींथ ही राष्ट्रीय सुटी म्हणून मान्य केली. त्यामुळें आतां तेथील उन्हाळ्यांत स्वातंत्र्याचे दोन सण एकमेकांपासून पंधरा दिवसांच्या अंतरानें येतात, आणि दोन्ही दिवशीं विस्तवावर तेंच अन्न भाजलें जातें.

शेगडी पेटविणारांना जाणते लोक एकच सल्ला देतात. कोळसा पेटला म्हणून लगेच जाळीवर कांहीं ठेवूं नये. निखाऱ्यांवर राखाडी रंगाची पातळ राख धरेपर्यंत थांबावें. त्यापुढेंहि थांबावेंच लागतें. सर्वांचीं ताटें भरून होईतों शेगडीपाशीं उभा असलेला यजमान तेथून हलत नाहीं, आणि बहुधा तोच सर्वांच्या मागून जेवतो. चरापाशीं उभा असलेला गुलामहि सर्वांच्या मागून, उरलेंसुरलें जेवत असे. बाहेरून पाहणाराला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतील. एक सक्तीनें होई आणि दुसरी खुषीनें होते, एवढेंच काय तें अंतर. आणि चौथ्या जुलैचा सण ज्यासाठीं पाळावयाचा, तें हेंच अंतर होय.